सप्टेंबरमधला 'ओव्हररेटेड' संघ आणि खरा धक्का: कॉलेज फुटबॉलमध्ये ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे पहिले तीन-चार आठवडे झाले की फॅन मंडळींत दोनच विषय उरतात, कोणता संघ ओव्हररेटेड आणि कोणता संघ यंदाचा धक्का. या वादात काही तथ्य असतं का? असलं तर सामन्याच्या कोणत्या आकड्यांवरून ते ओळखायचं?

तथ्य असतं, पण नुसता स्कोअर वाचून ते हाती लागत नाही. संघ हरला की जिंकला हे क्षणभर बाजूला ठेवा. ज्या कारणानं तो हरला किंवा जिंकला, ते कारण पुढच्या शनिवारीही (कॉलेजचे सामने बहुतेक शनिवारीच होतात) त्याच्यासोबत मैदानात उतरणार आहे का, ते बघा. ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे हल्ला करणाऱ्या संघाची पाच जणांची पुढची फळी, मागे ढकलली जात असेल तर ती पुढच्या शनिवारीही ढकलली जाईल. फंबल झालेला, म्हणजे खेळाडूच्या हातून निसटलेला, चेंडू उसळून आपल्याच माणसाच्या हातात आला, हे मात्र पुन्हा घडेलच असं नाही. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यासाठीच आहे.

आधी क्रमवारीचं बघू, कारण 'ओव्हररेटेड' म्हणजे कशाच्या तुलनेत हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. एपी पोल म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं घेतलेली साठेक क्रीडापत्रकारांची मतं. प्रत्येक जण २५ संघांची यादी देतो. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत पंचविसाव्याला १, आणि या गुणांची बेरीज म्हणजे क्रमवारी. हा पोल १९३६ पासून दर आठवड्याला निघतो, हंगामाआधीचा पोल १९५० पासून. ऑगस्टच्या मध्यावर पहिली यादी येते तेव्हा कोणी एक स्नॅपही, म्हणजे चेंडू खेळात आणणारी पहिली फेकही, खेळलेला नसतो. यादी बनते ती गेल्या हंगामाचा शेवट, क्वार्टरबॅकचं (हल्ला चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या खेळाडूचं) नाव, कोचची पत आणि भरतीच्या क्रमवाऱ्या यांवर. त्यानंतर मतदार सहसा एकच नियम पाळतात: जिंकला तर जागा राखा, हरला तर खाली ढकला. म्हणून ऑगस्टमधला अंदाज ऑक्टोबरपर्यंत संघाला चिकटून राहतो. शेवटी प्लेऑफचे संघ ठरवणारी समिती १३ जणांची असते आणि तिची पहिली यादी नोव्हेंबर उजाडता-उजाडता येते. २०२४ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ असतात. तिथं पोहोचायला सप्टेंबरमधल्या एपी क्रमांकाचा अधिकृत उपयोग शून्य. उपयोग होतो तो टीव्हीवाल्यांना आणि वाद घालणाऱ्यांना.

फुगलेला संघ हंगामाआधीच हेरायचा असेल तर तीन ठिकाणी नजर टाका.

पहिलं, गेल्या वर्षीचे विजय किती फरकाने आले. २०२२ मध्ये टेक्सस ख्रिश्चन, म्हणजे टीसीयू, साखळीत १२-० (१२ विजय, ० पराभव) राहिला आणि थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. पण त्यातले बरेच विजय एका स्कोअरच्या, म्हणजे ८ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे होते. बेलरविरुद्धचा २९-२८ तर शेवटच्या सेकंदाला धावत येऊन मारलेल्या फील्ड गोलवर (लाथेनं गोलखांबांमधून चेंडू मारून मिळणाऱ्या ३ गुणांवर) मिळालेला. अंतिम सामन्यात जॉर्जियानं त्यांना ६५-७ असं धुतलं. तरी पुढच्या वर्षी टीसीयू सतराव्या क्रमांकावरून सुरू झाला आणि ५-७ वर संपला. एका स्कोअरच्या सामन्यांत सलग दोन वर्षं सगळं आपल्याच बाजूनं पडणं फार दुर्मीळ आहे. म्हणून मागच्या हंगामातले असे विजय-पराभव मोजा आणि त्यांचा हिशोब मनातल्या मनात निम्मा-निम्मा करा. ५-० असेल तर ३-२ धरा आणि मग विचारा: हा संघ तुम्ही वरच्या पंचवीसात घातला असता का?

दुसरं, लाइन. क्वार्टरबॅकचं नाव मोठं असलं की क्रमवारी वर जाते, पण त्याच्यापुढे उभे राहणारे पाच जण कोण हे मतदार क्वचितच बघतात. २०२५ मध्ये टेक्सस इतिहासात प्रथमच हंगामाआधीच्या एपी पोलमध्ये पहिला आला. क्वार्टरबॅक आर्च मॅनिंगचं नाव सगळीकडे होतं. ऑफेन्सिव्ह लाइनच्या पाचपैकी चार जागांवर नवे चेहरे होते, हे मात्र तळटीपेत राहिलं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी फ्लोरिडाविरुद्ध मॅनिंगला सहा वेळा सॅक व्हावं लागलं, म्हणजे पास फेकण्याआधीच तो पाडला गेला, आणि टेक्सस २९-२१ हरला.

तिसरं, 'परतणारे खेळाडू'. गेल्या वर्षीच्या खेळातला किती टक्के भाग याच खेळाडूंच्या नावावर आहे, हा हिशोब उपयोगाचा आहे, पण तो आंधळेपणानं लावला की फसवतो. परत येणारे खेळाडू कोणत्या दर्जाचे खेळ करून परत येत आहेत? २०२५ मध्ये क्लेमसन या हिशोबात देशात अगदी वरच्या संघांत होता आणि हंगामाआधी चौथ्या क्रमांकावर. पण परतणारी मंडळी ज्या २०२४ च्या संघातली होती तो १०-४ चा संघ होता, बचाव भेदला जाणारा. तोच बचाव वर्षभरानं मोठा होऊन परत आला, इतकंच. एलएसयूकडून घरच्या मैदानावर १७-१०, जॉर्जिया टेककडून २४-२१, सिरॅक्यूजकडून ३४-२१, आणि चार सामन्यांत १-३. अनुभवामुळे चुका कमी होतात, पण वेग आणि ताकद अनुभवातून येत नाही.

आता सामने सुरू झाले. बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता, समोर घ्या. एका सामन्याला वीस मिनिटं पुरतात. शक्य असेल तर प्रत्येक प्लेची, म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतच्या प्रत्येक प्रयत्नाची, नोंद असलेलं पान घ्या, कारण पहिलं काम काटछाटीचं आहे. निकाल लागून गेल्यावर खेळलेला वेळ काढून टाका. साधा नियम: तिसऱ्या क्वार्टरमध्ये फरक २८ च्या वर किंवा चौथ्यात २२ च्या वर गेला की तिथून पुढचं काही मोजू नका. तिथं राखीव खेळाडू खेळत असतात आणि बचाव मुद्दाम लांब उभा राहून छोटे पास देत असतो. '४५० यार्ड मारले' म्हणून मिरवणाऱ्या हरलेल्या संघांचे शे-दीडशे यार्ड बहुधा इथलेच निघतात.

मग एकूण यार्ड नव्हे, प्रति प्ले यार्ड काढा. २०२३ पासून फर्स्ट डाउन झाल्यावर (चार प्रयत्नांत, म्हणजे डाउनमध्ये, १० यार्ड पार केले की नवा फर्स्ट डाउन मिळतो) घड्याळ थांबत नाही, हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून, त्यामुळे एका सामन्यातल्या प्लेची संख्या घटली आहे. जुन्या वर्षांशी 'प्रति सामना' तुलना केली तर सगळेच बचाव सुधारलेले दिसतील. शिवाय सावकाश खेळणारा संघ आणि घाईत खेळणारा संघ यांची तुलना प्रति प्लेनंच होते. आपले यार्ड प्रति प्ले वजा प्रतिस्पर्ध्याचे यार्ड प्रति प्ले, हा आकडा सलग तीन सामन्यांत १ च्या वर असेल तर संघ बरा आहे. २ च्या वर असेल तर प्रतिस्पर्धी बघून जपून आनंद माना.

चेंडू घेऊन धावण्याचे आकडे घेताना एक खाचखळगा आहे आणि एनएफएल बघणारे त्यात हमखास पडतात. कॉलेजच्या नोंदींत सॅकमध्ये गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, पासच्या नाही. समजा एका संघाचे धावण्याच्या ३५ प्रयत्नांत ९० यार्ड दिसताहेत, सरासरी २.६. फॅन म्हणतील, धावणं मेलं. पण त्यात ५ सॅक आणि ३८ यार्डांचं नुकसान धरलेलं असेल तर धावण्याचे खरे प्रयत्न ३० आणि यार्ड १२८, म्हणजे सरासरी ४.३. दुखणं धावण्याचं नाही, पास वाचवण्याचं आहे. उपाय वेगळा, पुढचा अंदाजही वेगळा. ही वजाबाकी प्रत्येक सामन्याला हातानं करा.

यशस्वी प्लेचा दर हा त्यानंतरचा, माझ्या मते सर्वांत भरवशाचा आकडा. पहिल्या डाउनला गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, एवढे मिळाले तर प्ले यशस्वी. म्हणजे पहिल्या डाउनला १० पैकी ५, दुसऱ्या डाउनला ६ उरले असतील तर ४.२, म्हणजे व्यवहारात ५. चाळीस टक्क्यांच्या आसपास साधारण संघ, पन्नासच्या वर उत्तम. लांबच लांब टचडाउननी (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्यानं) स्कोअर फुगतो पण हा दर फुगत नाही. ७५ यार्डांच्या दोन पासांवर जिंकलेला, पण ३४ टक्के यशाचा संघ दिसला की नाव लिहून ठेवा. दोन आठवड्यांत तो अडकतो.

टर्नओव्हरचा, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याचा, हिशोब मात्र थोडा सविस्तर करायला हवा, कारण सप्टेंबरमधले निम्मे 'धक्के' इथून येतात. फंबल झालेला चेंडू कोणाच्या हाती लागेल हे जवळजवळ छापा-काट्यासारखं, निम्मं-निम्मं असतं. फंबल घडवणं हे कौशल्य, तो उचलणं बव्हंशी नशीब. इंटरसेप्शनचंही (बचावानं पकडलेल्या पासचंही) तसंच: बचावानं ज्या पासना हात लावला, म्हणजे इंटरसेप्शन आणि पाडलेले पास मिळून, त्यांपैकी दीर्घकाळात साधारण पाचातला एक, थोडा जास्तच, इंटरसेप्शन होतो. आता एक कल्पित संघ घ्या. चार सामन्यांत त्यांनी २० पासना हात लावला, त्यांतले ८ पकडले. अपेक्षा साडेचारच्या आत होती, म्हणजे साडेतीन जास्त. शिवाय ८ फंबलपैकी ७ त्यांना मिळाले, अपेक्षा ४, म्हणजे ३ जास्त. साडेसहा टर्नओव्हर दैवाच्या खात्यात. एक टर्नओव्हर साधारण ५ गुणांचा धरला तर ३२ गुण, म्हणजे सामन्याला ८. हा संघ ४-० असेल आणि त्यातले दोन विजय ३ आणि ६ गुणांनी आले असतील, तर तुमच्यापुढे खरं म्हणजे २-२ चा संघ बसलेला आहे. हे त्याच्या फॅनना सांगून बघा!

शेवटचं, ड्राइव्ह, म्हणजे चेंडू हाती आल्यापासून सुटेपर्यंतची चढाई, संपवणं. प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्ड रेषेच्या आत फर्स्ट डाउन मिळालं की ती एक संधी धरा आणि प्रत्येक संधीमागे किती गुण आले ते बघा. चारच्या आसपास सर्वसाधारण. टेक्सस-ओहायो स्टेट, ३० ऑगस्ट २०२५: टेक्ससचे ३३६ यार्ड, ओहायो स्टेटचे २०३, आणि निकाल ओहायो स्टेटच्या बाजूनं १४-७. टेक्सस चौथ्या डाउनला पाचदा खेळला, एकदाच यशस्वी झाला. त्या रात्री 'ओव्हररेटेड'चा जो गजर झाला तो चुकीच्या सामन्यावर झाला. टेक्ससचा हल्ला अर्धवट होता हे खरं, पण बचाव देशातल्या कोणाशीही टिकेल असा होता, आणि संघानं साखळी ९-३ अशीच संपवली. पहिल्या क्रमांकाला शोभणारा नाही, पण कोसळलेलाही नाही. योगायोगानं बेटिंग बाजारानंही त्या सामन्याआधी यजमान ओहायो स्टेटलाच किंचित झुकतं माप दिलं होतं, टेक्सस पहिला असूनही. पोल आणि बाजार यांच्यात असा विसंवाद दिसला तर बाजाराकडे लक्ष द्या. पैसे लावा असं म्हणत नाही. पण तिथं चुकणाऱ्याच्या खिशाला चाट बसते, मतदाराच्या नाही. घरच्या मैदानाचा फायदा अडीच गुणांच्या आसपास धरून उरलेला फरक बघितला की संघांची सध्याची किंमत कळते.

हे आकडे झाले. खरी परीक्षा पराभवाचं कारण सुधारणारं आहे की नाही हे ओळखण्यात आहे, आणि इथं तीन सामने शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

७ सप्टेंबर २०२४. पाचव्या क्रमांकाचा नोत्र दाम घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ हरला, बेटिंग बाजारात सुमारे २८ गुणांनी फेवरिट असताना. नशिबाचा खेळ म्हणावा तर यार्डही ३८८ विरुद्ध २८६, पाहुण्यांच्या बाजूनं. त्या दिवशी ते खरोखर चांगले खेळले. पण कारणं बघा: नोत्र दामचा क्वार्टरबॅक रायली लेनर्ड ड्यूकहून नुकताच आलेला, त्याचे दोन इंटरसेप्शन, लाइन कच्ची, डाव्या टॅकलला, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाला, पहिल्या वर्षाचा पोरगा. ही सगळी वयानं आणि सरावानं भरून येणारी दुखणी, आणि बचाव मुळातच तगडा. पुढच्या शनिवारी त्यांनी पर्ड्यूला ६६-७ हरवलं आणि जानेवारीत अंतिम सामना गाठला, जिथं ओहायो स्टेटनं त्यांना ३४-२३ हरवलं. नॉर्दर्न इलिनॉय त्यानंतरचाच सामना बफेलोकडून हरला.

त्याच हंगामात फ्लोरिडा स्टेट. आधीच्या वर्षी १३-१, हंगामाआधी दहावा. डब्लिनला जॉर्जिया टेककडून २४-२१ असा शेवटच्या किकवर पराभव, आणि फॅन म्हणाले, लांबचा प्रवास, तीन गुणांचा फरक, सोडून द्या. पण नऊ दिवसांनी बॉस्टन कॉलेजविरुद्ध धावण्याचे आकडे होते २६३ विरुद्ध २१. हे जुने-जाणते लाइनमन होते, यांना आणखी वाढायला जागाच नव्हती. दहा खेळाडू एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, गेलेल्या संघाचा क्रमांक वरचाच राहिला होता, माणसं नाहीत. शेवट २-१०. तरण्या लाइनचा पराभव आणि मुरलेल्या लाइनचा पराभव स्कोअरबोर्डवर सारखेच दिसतात. म्हणून रोस्टर (खेळाडूंची यादी) उघडून प्रत्येक लाइनमनचं वर्ष आणि त्याचे आधीचे स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेले सामने) बघितल्याशिवाय मत देऊ नका.

तिसरा जुना आहे पण सगळ्यांत शिकवणारा: २०१४, ओहायो स्टेट घरी व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ हरला. क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेटचा दुसराच सामना, कारण ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टमध्ये जखमी झालेला. लाइनवर चार नवे, सात सॅक. बचावानं सगळी माणसं पुढं आणून कच्च्या पोरांवर दबाव टाकला. जिंकणारा व्हर्जिनिया टेक ७-६ वर थांबला आणि हरणाऱ्यानं जानेवारीत पहिलं प्लेऑफ विजेतेपद घेतलं, तेही तिसऱ्या क्वार्टरबॅकच्या हातून.

कमकुवत प्रतिस्पर्ध्यांवरच्या विजयांबद्दल थोडक्यात. एफसीएस म्हणजे खालच्या विभागातला संघ. वर्षानुवर्षं त्यांना ६३ शिष्यवृत्त्या आणि वरच्या एफबीएसला ८५ असा फरक होता, आणि तो मुख्यतः चौथ्या क्वार्टरमध्ये, राखीव फळीत दिसतो. म्हणून अशा सामन्यात फक्त पहिला हाफ बघा. तिथं पहिल्या फळीला झगडावं लागलं तर ती खूण आहे. २०१५ मध्ये सहाव्या क्रमांकाच्या ऑबर्नला जॅक्सनव्हिल स्टेटला हरवायला ओव्हरटाइम लागला, २७-२०, आणि हंगाम ७-६ वर संपला. उलट ७०-३ सारख्या स्कोअरवरून काहीच कळत नाही. २०२५ चा पेन स्टेट हे याचं नमुनेदार उदाहरण. हंगामाआधी दुसरा क्रमांक, पहिले तीन सामने नेवाडा, फ्लोरिडा इंटरनॅशनल आणि व्हिलानोव्हा यांच्याशी, तिन्ही मोठ्या फरकानं जिंकले. तीन आठवडे देशभर वाद चालू होता आणि वाद घालायला पुरावाच नव्हता. मग ऑरेगॉनकडून दोन ओव्हरटाइममध्ये ३०-२४, पुढच्या शनिवारी तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून ४२-३७, मग नॉर्थवेस्टर्नकडून २२-२१, आणि कोच जेम्स फ्रँकलिनची गच्छंती. यातला यूसीएलएचा धडा लक्षात ठेवण्यासारखा: त्यांचा कोच आधीच गेला होता आणि हल्ल्याची सूत्रं नव्या माणसाकडे आली होती. कोच बदललेल्या संघाचे जुन्या चित्रफितींतले प्ले अभ्यासून उपयोग नसतो, पहिला आठवडा तो संघ अनोळखी असतो.

हाच अनोळखीपणा धक्का देणाऱ्या संघांचं पहिलं भांडवल असतं, आणि ते चार आठवड्यांत संपतं. २०२३ मधला कोलोरॅडो आठवा. आदल्या वर्षी १-११, नवा कोच डिऑन सँडर्स, जवळजवळ अख्खा संघ नवा. पहिल्याच सामन्यात टीसीयूवर ४५-४२, शडूर सँडर्सचे ५१० यार्डांचे पास, ट्रॅव्हिस हंटर दोन्ही बाजूंनी शंभराहून अधिक स्नॅप खेळलेला. नेब्रास्काला हरवलं, पण नेब्रास्कानं चार वेळा चेंडू सोडला होता. कोलोरॅडो स्टेटला हरवायला दोन ओव्हरटाइम लागले. मग ऑरेगॉननं हाफटाइमलाच ३५-० करून ४२-६ नं घरी पाठवलं. शेवट ४-८. तिन्ही विजयांत खुणा होत्या: धावण्याचे यार्ड जवळजवळ नाहीत, सॅक वाढताहेत, आणि 'सतराव्या क्रमांकावर विजय' यातला सतरावा क्रमांक स्वतःच पोकळ. हंगाम संपला तेव्हा कोलोरॅडो धावण्यात एफबीएसमध्ये तळाला होता.

त्याच्याशेजारी २०२४ चा इंडियाना ठेवा. आदल्या वर्षी ३-९, नवा कोच कर्ट सिग्नेटी, आणि हाही संघ ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांतून बदलून येऊ पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, उभा केलेला. सुरुवातीचं वेळापत्रक इतकं मऊ होतं की टीका करणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. ती टीका चुकीची नव्हती, पण संघही खोटा नव्हता. फरक कुठं होता? सिग्नेटीनं जेम्स मॅडिसनमधून स्वतःचे तेरा खेळाडू आणले, त्याच्याच पद्धतीत घडलेले, अनेक वर्षं खेळलेले. क्वार्टरबॅक कर्टिस रॉर्क ओहायो विद्यापीठात मुरलेला. सँडर्सनं चमकदार जागा भरल्या, सिग्नेटीनं मधल्या फळ्या भरल्या. ४२-१३ असा यूसीएलएवर त्यांच्याच मैदानात, ५६-७ असा नेब्रास्कावर, आणि टर्नओव्हर बाजूला काढले तरी फरक उरत होता. ओहायो स्टेटनं ३८-१५ नं आणि प्लेऑफमध्ये नोत्र दामनं २७-१७ नं त्यांची मर्यादा दाखवली, ती लाइनची ताकद. २०२५ मध्ये पोलनं त्यांना विसावं ठेवलं. २० सप्टेंबरला नवव्या क्रमांकाच्या इलिनॉयला त्यांनी ६३-१० हरवलं तेव्हा बघण्यासारखी गोष्ट ६३ ही नव्हतीच, दोन्ही बाजूंच्या लाइननी सामना पहिल्या हाफमध्येच संपवला ही होती. जानेवारी २०२६ मध्ये तो संघ १६-० राहून विजेता झाला.

तेव्हा पोर्टलवर उभा राहिलेला संघ दिसला की विचारायचे प्रश्न हे: नवे खेळाडू कोणत्या जागांवर आहेत, आधी कुठं किती स्नॅप खेळले आहेत, आणि कोच किंवा कोऑर्डिनेटर (हल्ल्याचा किंवा बचावाचा प्रमुख प्रशिक्षक) यांच्यासोबत आधी काम केलेले किती? २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा, वर्ष वाया न घालवता बदली करता येते, त्यामुळे 'हा संघ नेहमीच असा असतो' हे वाक्य आता दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर टाकून द्या. ॲन आर्बर (मिशिगन) किंवा कॉलेज स्टेशनला (टेक्सस ए अँड एम) शिकलेल्या आपल्या मंडळींना हे जड जातं, कारण त्यांच्या मनातला संघ त्यांच्या पदवीच्या वर्षाचाच राहतो.

लहान कॉन्फरन्समधल्या (संघांच्या गटांमधल्या) धक्क्यांना आणखी एक गाळणी लावा: खोली. २०२५ मध्ये साउथ फ्लोरिडानं बॉयसी स्टेटला ३४-७ आणि मग फ्लोरिडाला त्यांच्याच मैदानात १८-१६ हरवलं. तिसऱ्या आठवड्यात मायामीनं त्यांना ४९-१२ मारलं. पहिले दोन विजय खोटे नव्हते. तीन शनिवार लागोपाठ मोठ्या देहाच्या लाइनशी भिडायला लागणारी दुसरी फळी त्यांच्याकडे नव्हती. चेंडू धरून ठेवणं हे अशा संघांचं हत्यार असतं. २०२२ मध्ये ॲपलेचियन स्टेटनं सहाव्या क्रमांकाच्या टेक्सस ए अँड एमला १७-१४ हरवताना ऐंशीहून अधिक प्ले चालवले, यजमानांना चाळीससुद्धा मिळाले नाहीत. तिथं मात्र आकड्यांनी यजमानांचंच खरं दुखणं दाखवलं: मिळालेल्या प्लेचंही त्यांना काही करता येत नव्हतं. ते ५-७ वर संपले.

आता या सगळ्या पद्धतीलाही चकवणारा सामना. ३० ऑगस्ट २०२५, टालाहासी: फ्लोरिडा स्टेटनं आठव्या क्रमांकाच्या अलाबामाला ३१-१७ हरवलं, धावून २३० यार्ड काढले, लाइननं लाइनला ढकललं. वर सांगितलेल्या प्रत्येक कसोटीला उतरणारा विजय. पुढं ईस्ट टेक्सस ए अँड एमवर ७७-३ आणि केंट स्टेटवर ६६-१०, आणि पोलमध्ये आठवा क्रमांक. मग व्हर्जिनियाकडून दोन ओव्हरटाइममध्ये ४६-३८, त्यानंतर पराभवांची रांग, शेवट ५-७. तिकडे अलाबामा प्लेऑफपर्यंत गेला. एका सामन्याचे आकडे दोन संघांबद्दल बोलतात आणि कोणत्या संघाबद्दल किती बोलतात हे त्या सामन्यातून कळत नाही. अलाबामाचं धावणं कच्चं आहे हा निष्कर्ष मात्र हंगामभर टिकला.

म्हणून वहीत प्रत्येक संघाला दोन रकाने ठेवा: बरोबरीच्या संघाशी खेळलेले सामने आणि बाकीचे. पहिल्या रकान्यात निदान दोन सामने, त्यातला एक बाहेरच्या मैदानावर, येईपर्यंत हंगामाआधीच्या अंदाजाला निम्म्याहून अधिक वजन द्या. बहुतेक संघांसाठी हे पाचव्या-सहाव्या आठवड्यात होतं. एसपी प्लससारखी संगणकी मोजमापंही सुरुवातीला जुन्या अंदाजावर टेकून असतात आणि हळूहळू तो सोडत जातात. या हिशोबानं २०२५ च्या चौथ्या आठवड्यानंतर फ्लोरिडा स्टेटच्या पहिल्या रकान्यात एकच सामना होता, तोही घरचा. पेन स्टेटच्या त्याच रकान्यात काहीच नव्हतं.